व्हॅनिटी व्हॅन आणि कॅम्परमधलं टॉयलेट गळतंय? आधी शोधा, मग खोला

गाडीतल्या टॉयलेटजवळ ओल दिसली की बहुतेक जण थेट सिलिकॉनची ट्यूब आणतात आणि कमोडच्या बुडाभोवती गोल फिरवून मोकळे होतात. दोन-चार दिवस जमीन कोरडी राहते. मग तेच पाणी प्लायच्या आत शिरतं, बेडखालून नाहीतर पायरीपाशी बाहेर येतं, आणि मूळ जागा शोधायची सोयही संपते. ओल दिसते ती पाणी साचल्याची जागा. ते निघतं भलतीकडूनच, आणि गाडी ज्या बाजूला कललेली असेल तिकडे वाहत जातं. म्हणून या कामात पाना हातात घेण्याआधीचा तास-दीड तास सगळ्यात मोलाचा. दोष सापडला की पुढचं काम बहुतेक वेळा एका रबरी सीलचं किंवा वायसरचं असतं.

टॉयलेट कोणत्या जातीचं आहे?

मुंबईत दिसणाऱ्या गाड्यांत साधारण चार प्रकार सापडतात. परदेशी बनावटीच्या कॅरॅव्हॅनमध्ये आणि त्या धर्तीवर बांधलेल्या मोटरहोममध्ये पायाने दाबायच्या पेडलचं टॉयलेट असतं. ते थेट खालच्या मैल्याच्या टाकीवर बसतं. भांड्याच्या तळाशी सरकणारी पाती किंवा अर्धगोल चेंडू असतो, तो उघडला की सगळं खाली पडतं. दुसरा प्रकार कॅसेटचा: गाडीच्या बाहेरच्या छोट्या दारातून १७ ते २० लिटरची टाकी ओढून काढता येते. तिसरा सुटा पोर्टेबल पोटी, वर स्वच्छ पाणी आणि खाली मैला, मध्ये पाती. चौथा मात्र खास आपला. फिल्मसिटीत, मढला उभ्या असलेल्या व्हॅनिटी व्हॅनमध्ये डोकावलात तर घरगुती चिनी मातीचा कमोड आणि त्यामागे घरगुतीच फ्लश टाकी दिसण्याची शक्यता बरीच. इमारतीसाठी बनलेली ही वस्तू चाकांवर बसवलेली असते, आणि तिचे आजारही त्यातूनच येतात.

परदेशी व्हिडिओ पाहून काम करणाऱ्यांसाठी एक सूचना. तिकडे पाण्याचा व्हॉल्व तडकण्याचं पहिलं कारण म्हणून थंडीत पाणी गोठणं सांगतात. मुंबईत तो प्रश्नच नाही. इथले शत्रू तीन: नळाचा जास्त दाब, टँकरच्या पाण्यातला गाळ आणि क्षार, आणि खड्डे. गाडी हिवाळ्यात स्पितीला किंवा लडाखला नेणार असाल तर मात्र गोठण्याचं कारण लागू होतं. तिथे रात्री उभं राहण्याआधी पाइप, पंप आणि टॉयलेटच्या व्हॉल्वमधलं पाणी पूर्ण काढून टाका.

हात घालण्याआधी

मैल्याची टाकी रिकामी करा आणि स्वच्छ पाण्याने दोनदा धुवून घ्या. मैला पावसाळी गटारात किंवा नाल्यात सोडू नका, ते पाणी पुढे खाडीत आणि समुद्रात जातं. परवानगी असेल तिथल्या मलनिःसारण चेंबरमध्ये ओता किंवा सेप्टिक टाकी उपसणारी गाडी बोलवा. टाकी हाताने साफ करायला कोणाला उतरवू नका. टाकीतला वायू जीव घेतो, आणि २०१३ च्या कायद्याने हे काम करवून घेणं गुन्हा आहे.

जाड रबरी हातमोजे, चष्मा, दार-खिडकी उघडी. ब्लीच आणि अॅसिडचा टॉयलेट क्लीनर एकत्र होता कामा नयेत. दोन्ही मिळून क्लोरीन वायू तयार होतो आणि गाडीची मोरी म्हणजे जेमतेम चार फुटांची बंद खोली. क्लीनरची बाटली तशीही बाजूलाच ठेवा, कारण रबरी सीलला हे दोन्ही पदार्थ मानवत नाहीत.

सामान फार लागत नाही: १० ते १३ मिमीचे रिंग पाने, शक्यतो एक्स्टेन्शनसकट सॉकेट, चपटा आणि फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च, जुना टूथब्रश, टिश्यू पेपर, मार्कर, किराणा दुकानात मिळतो तो खायचा लाल रंग, कॅरमची पावडर किंवा टाल्कम, सिलिकॉन ग्रीस. हे ग्रीस आरओ फिल्टर दुरुस्त करणाऱ्यांकडे बऱ्याचदा मिळतं.

शोध: कोरडं करा, मग एकेक गोष्ट चालू करा

पंप बंद करा. पाणीपुरवठ्याचा बाहेरचा नळ जोडलेला असेल तर तोही काढा. टॉयलेटच्या मागची, बुडाची, पाइपच्या जोडांची जागा कापडाने पुसून पूर्ण कोरडी करा. हेअर ड्रायर फिरवलात तर उत्तम. मग बुडाभोवती जमिनीवर पावडरचा पातळ थर पसरा. पावडरवर थेंबाची वाट स्पष्ट उमटते, नुसत्या विनाइलवर ती दिसत नाही.

आता पंप चालू करा, सगळे नळ बंद ठेवा. १२ व्होल्टचा पंप दाब भरला की, साधारण ४० ते ५५ पीएसआयच्या दरम्यान, आपोआप थांबतो. थांबल्यावर अर्धा तास कान देऊन बसा. कोणी नळ उघडलेला नसताना तो मधूनच 'टर्रर' करून पुन्हा थांबत असेल, तर दाबाखालच्या लाइनमध्ये कुठेतरी पाणी जातंय. टॉयलेटकडे जाणारा अँगल कॉक बंद करा आणि पुन्हा ऐका. आता पंप गप्प राहिला, तर दोष कॉकच्या पुढे, म्हणजे टॉयलेटच्या बाजूला. तरीही वाजतच राहिला, तर टॉयलेट निर्दोष: गीझर, बेसिन, किंवा पंपातला पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व बघा. टॉयलेटचा अँगल कॉकच दिलेला नसेल, तर दुरुस्तीच्या निमित्ताने बसवून घ्या. पुढच्या प्रत्येक वेळी तोच कामी येईल.

पंप चालू, पण फ्लश नाही. प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू टेकवा. बोटाला न जाणवणारी ओल टिश्यूवर लगेच डाग पाडते. सगळ्यात वरचा ओला जोड हा गुन्हेगार, त्याच्या खालचे फक्त भिजलेले.

मग एकाला पेडल दाबायला सांगा आणि आपण टॉर्च घेऊन मागे बघा. फक्त पेडल दाबलेलं असतानाच भांड्याच्या मागून, वरच्या बाजूने पाणी ओघळत असेल तर व्हॅक्यूम ब्रेकर, म्हणजे भांड्यामागचा हवा आत घेणारा छोटा डबा. पेडल सोडल्यावरही भांड्यात बारीक धार चालूच असेल तर पाण्याचा व्हॉल्व.

भांडं अर्धं भरा, पाण्याच्या पातळीवर मार्करने रेघ मारा आणि तासभर कोणाला जाऊ देऊ नका. पातळी उतरली तर पातीचं सील पाणी धरत नाही. ही गळती जमिनीवर दिसत नाही, ती नाकाला कळते: पाण्याचा पडदा गेला की खालच्या टाकीचा वास सरळ वर येतो. मे महिन्यात, एसी बंद असताना, कळायला तास लागत नाही.

शेवटी रंगाची परीक्षा. भांड्यात चमचाभर लाल रंग घालून पाणी भरा आणि पेडल दाबून एकदम सोडा. हे तीन-चार वेळा करा. पावडरवर लालसर डाग आला तर पाणी टॉयलेट आणि फ्लॅन्ज (टाकीच्या तोंडाची जमिनीवर बसवलेली कडी) यांच्यामधल्या सीलमधून बाहेर पडतंय. डाग पारदर्शक असेल तर ते पुरवठ्याचं स्वच्छ पाणी आहे, टॉयलेट उचलायची गरज नाही. या एका डागाने अख्ख्या दिवसाची मेहनत वाचते.

उभ्या गाडीत काहीच सापडलं नाही तर मैल्याची टाकी पाऊण भरून बघा. फक्त भरल्यावरच गळत असेल तर दोष टाकीच्या वरच्या भागात: टाकीतली हवा बाहेर नेणाऱ्या व्हेंट पाइपचा जोड, सेन्सरचं भोक, किंवा फ्लॅन्जचा गळा. फक्त चालवल्यावर गळत असेल तर बोल्ट ढिले आहेत, किंवा फ्लश टाकीचं पाणी हिंदकळून सांडतंय.

टॉयलेटच्या नावावर खपणाऱ्या गळत्या

मुंबईच्या दमट हवेत छोटा एसीही दिवसाला काही लिटर पाणी टाकतो. त्याचा ड्रेन पाइप मोरीच्या भिंतीमागून नेलेला असेल आणि मध्येच निसटला, तर पाणी बरोबर कमोडमागे येतं. एसी चार तास बंद ठेवून बघा.

पावसाळ्यातच ओल येते, उन्हाळ्यात नाही? छतावर चढा. मैल्याच्या टाकीचा व्हेंट पाइप छतातून बाहेर पडतो, त्याच्या भोवतीचं सीलंट उन्हाने तडकतं आणि पाणी पाइपच्या बाहेरून घरंगळत टॉयलेटच्या मागे उतरतं. पाइपवर बाटलीभर पाणी ओतून खाली बघितलं की खात्री पटते.

आणि जेट स्प्रे. परदेशी मॅन्युअलमध्ये हा शब्दच सापडणार नाही, पण आपल्याकडे तो नसलेली गाडी चालत नाही. टॉयलेटच्या लाइनवर टी टाकून जोडलेला असतो, त्यामुळे जोड दोनाचे चार होतात. त्याच्या पाइपमध्ये चोवीस तास दाब राहिला की आतली नळी फुगते आणि टोकाला आवळलेल्या धातूच्या कडीपाशी झिरपायला लागते. जेटला वेगळा अँगल कॉक द्या आणि वापर झाला की बंद करायची सवय लावा. जेट टांगायचा हूक भांड्याच्या काठाच्या वर हवा; तो भांड्यात पडलेला असताना दाब उलटा झाला तर घाणेरडं पाणी स्वच्छ लाइनमध्ये ओढलं जाऊ शकतं.

दाबाचं मुंबईकर गणित

गाडी सोसायटीच्या आवारात उभी करून तळमजल्याच्या नळाला पाइप लावणं सोयीचं वाटतं. इमारतीची गच्चीवरची टाकी जितकी उंच तितका दाब: दर १० मीटरला १ बार, म्हणजे साधारण १४ पीएसआय. मजला ३ मीटरचा धरला तर सात मजली इमारतीत तळाशी दोन बार, ते ठीक. वीस मजली टॉवरमध्ये दाब कमी करणारा व्हॉल्व नसेल तर तळाला सहा बार, म्हणजे ८५ पीएसआय. टॉयलेटचा प्लॅस्टिकचा व्हॉल्व या दाबासाठी बनलेला नाही. आधी तो बारीक ठिबकतो, मग एका रात्री त्याचा गळा फुटतो आणि सकाळी गाडीत घोट्यापर्यंत पाणी असतं. बाहेरच्या नळाच्या तोंडाशी पितळी प्रेशर रेग्युलेटर लावा आणि तो पावणेतीन ते तीन बारवर ठेवा. गाडी सोडून जाताना बाहेरचा नळ बंद.

जोड आणि पाण्याचा व्हॉल्व

पुरवठ्याचा पाइप टॉयलेटला अर्ध्या इंची प्लॅस्टिकच्या नटने जोडलेला असतो. आत शंकूच्या आकाराचं किंवा चपटं रबरी वायसर असतं आणि पाणी तेच अडवतं. इथे टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. टेपमुळे नट पूर्ण बसत नाही आणि वायसर दबत नाही. नट सोडा, वायसर काढून बघा, कडक झालं असेल किंवा त्यावर खाच पडली असेल तर बदला. नट हाताने घट्ट होईल तिथवर फिरवा आणि पान्याने फक्त पाव फेरा. जास्त ताकद लावलीत तर नट नाही, टॉयलेटचा आटाच तडकतो आणि पन्नास रुपयांच्या कामाला पूर्ण व्हॉल्व लागतो.

पेडल सोडल्यावरही धार चालू राहत असेल तर आधी पेडल पूर्ण परत येतंय का ते बघा. बोटाने वर ओढल्यावर धार थांबली तर स्प्रिंग थकलेली आहे किंवा दांड्यात मळ अडकलाय. पेडल ठीक असेल तर व्हॉल्वच्या तोंडात वाळूचा कण बसलाय. महापालिकेचं तलावांतून येणारं पाणी तसं मऊ. पण शूटिंगच्या ठिकाणी टाकी भरली जाते ती बऱ्याचदा टँकरने, आणि टँकर बोअरवेलचा असेल तर गाळ आणि क्षार दोन्ही येतात. व्हॉल्व दोन ते चार स्क्रूंनी बसवलेला असतो आणि बऱ्याच मॉडेलमध्ये मागचं झाकण काढलं की टॉयलेट न उचलता निघतो. स्क्रू सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, दांडा कुठल्या खाचेत आहे ते नंतर आठवत नाही. आतली जाळी धुवा. व्हॉल्वच्या अंगावर केसासारखी चीर दिसली तर दुरुस्तीचा विचार सोडा आणि नवा बसवा. एम-सीलने चिकटवलेला व्हॉल्व दाबाखाली टिकत नाही. शिवाय ही प्लॅस्टिकं बऱ्याचदा पॉलिप्रॉपिलीनची असतात, त्यावर एम-सील आणि पीव्हीसीचं सोल्युशन दोन्ही धरत नाहीत, नखाने सोलून निघतात.

पंपाच्या आधी गाळणी नसेल तर लावा. पारदर्शक वाटीची, उघडून धुता येणारी. टँकरचं पाणी भरत असाल तर दर आठवड्याला उघडा.

व्हॅक्यूम ब्रेकर हा भांड्याच्या मागे वरच्या बाजूला बसवलेला प्लॅस्टिकचा छोटा डबा. दाब गेला की तो हवा आत घेतो आणि भांड्यातलं पाणी उलटं स्वच्छ लाइनमध्ये जाण्यापासून रोखतो. आतलं रबर कडक झालं की फ्लश करताना त्याच्या डोक्यातून पाणी उडतं. तो दुरुस्त करायचा नसतो, बदलायचा असतो. त्याच्या वरचं हवेचं तोंड सिलिकॉनने बुजवणारे प्लंबर भेटतील. गळती थांबते, पण मग मैल्याच्या भांड्यात आणि तुमच्या पिण्याच्या टाकीत संरक्षण म्हणून काहीच उरत नाही. असं काम करू देऊ नका.

पातीचं सील: बदलण्याआधी धुवा

भांडं पाणी धरत नसेल तर नवं सील मागवण्याआधी जुनं साफ करा. निम्म्याहून अधिक वेळा खाचेत टिश्यूचा लगदा किंवा क्षाराची पांढरी कपची बसलेली असते आणि पाती शेवटचे दोन मिलिमीटर बंदच होत नाही. पंप बंद करून पेडल दाबून धरा आणि सीलच्या ओठाखाली टूथब्रश फिरवा, पूर्ण गोल, विशेषतः पाती ज्या खाचेत शिरते तिथे. स्क्रू ड्रायव्हरचं टोक घालू नका, ओठ फाटतो. मग पाती बंद करून त्यावर अर्धा लिटर पांढरं व्हिनेगर ओता. नसेल तर लिंबू सत्त्व, लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम. रात्रभर ठेवा, गळती मोठी असेल आणि पाणी उतरत असेल तर पाती झाकेल असं भिजवलेलं कापड ठेवा. सकाळी पुन्हा ब्रश, स्वच्छ पाणी, आणि कोरडं झाल्यावर सीलवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात.

व्हॅसलीन नको. पेट्रोलियमने रबर फुगतं आणि पाती अडकायला लागते. खोबरेल तेलही नको: २४ अंशांच्या आसपास ते थिजतं, आणि व्हॅनिटीचा एसी त्याहून खालीच असतो, शिवाय जुनं झाल्यावर चिकट होऊन सगळा कचरा धरून ठेवतं.

धुवूनही रेघेखाली पाणी उतरत असेल तर सील बदला. काही मॉडेलमध्ये ते वरूनच निघतं: पेडल उघडं ठेवून लाकडी ठोकळ्याने अडकवा, भांड्यातून हात घालून जुन्या सीलची कड ओढा, खाच पुसा, नवं सील ओठ खाली करून बोटांनी गोल दाबत बसवा. ठोकळा नीट अडकवा, पाती बोटांवर मिटली तर आठवडाभर पेन धरता येणार नाही. काही मॉडेलमध्ये मात्र सील खालून बसतं आणि टॉयलेट उचलावंच लागतं. मॉडेल नंबर भांड्याच्या मागे किंवा पेडलच्या खाली स्टिकरवर असतो. सील त्याच नंबराचं घ्या. ओ-रिंग आणि चपटी वायसरं नागदेवी स्ट्रीटवर माप नेलं की जुळवून मिळतात, पातीच्या सीलचा आकार मात्र साधा गोल नसतो. त्याच्या जागी 'चालेल असं' काही बसवलंत तर ते चालत नाही.

फ्लॅन्जचं सील, म्हणजे टॉयलेट उचलणं

लाल डाग आला असेल तरच हे करा.

१. टाकी रिकामी, अँगल कॉक बंद, पंप बंद. पेडल दाबून लाइनमधला दाब सोडा. भांड्यातलं उरलेलं पाणी स्पंजने काढा.

२. पुरवठ्याचा नट सोडा. खाली कापड ठेवा.

३. बुडाच्या दोन्ही बाजूंची, किंवा एक पुढे एक मागे अशी, प्लॅस्टिकची टोपणं काढा. आत नट असतात. खारट हवेने लोखंडी नट गंजून जाम झाले असतील तर गंज काढायचा स्प्रे मारून पंधरा मिनिटं थांबा. जोर लावलात तर बोल्ट फिरतो आणि फ्लॅन्जची खाच तुटते.

४. टॉयलेट सरळ वर उचला. प्लॅस्टिकचं असेल तर एकट्याला उचलतं, चिनी मातीचं असेल तर दोघं लागतात. उलटं करून जुन्या पेपरवर ठेवा.

५. फ्लॅन्जच्या तोंडात जुनी चिंधी कोंबा. त्याने वासही थांबतो आणि नट टाकीत पडत नाही.

६. जुनं सील खरवडून काढा. फ्लॅन्जला चीर आहे का, स्क्रू धरून आहेत का ते बघा.

७. फ्लॅन्जची वरची कड जमिनीपासून किती वर आहे ते पट्टीने मोजा. ६ ते ११ मिमी असेल तर नेहमीचं सील पुरतं. नवं विनाइल किंवा टाइल घातल्यामुळे फ्लॅन्ज खाली गेला असेल तर फ्लॅन्जवर स्पेसर रिंग घाला किंवा जाड सील घ्या. फ्लॅन्ज जास्त वर असेल तर टॉयलेट डुगडुगतं आणि नवं सीलही महिन्याभरात जातं.

८. नवं सील बसवा, टॉयलेट बोल्टांवर सरळ उतरवा. एकदा टेकलं की उचलून पुन्हा ठेवू नका. वर बसून वजन द्या, मग दोन्ही नट आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळा. टॉयलेट हललं नाही की थांबा. प्लॅस्टिकचा पाय जास्त आवळल्याने चिरतो आणि त्यावर इलाज नाही.

सील फोमचं किंवा ईपीडीएम रबराचं घ्या, मेणाचं नको. उन्हात बंद उभ्या गाडीत मेण मऊ होतं, खड्ड्यात टॉयलेट दोन मिलिमीटर हललं की त्यात कायमची फट राहते. रबर मात्र दाबून पुन्हा वर येतं. बोल्ट पितळेचे किंवा स्टेनलेसचे.

टॉयलेट निघालेलं असतानाच प्लाय तपासा. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने फ्लॅन्जभोवती टोचा. टोक आत गेलं तर लाकूड सडलंय आणि त्यात कोणताच स्क्रू धरणार नाही. सडलेला तुकडा कापून आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय घाला, कापलेल्या कडांना इपॉक्सी लावून. आधी पंखा लावून पूर्ण वाळू द्या. जुलैत यालाच चार-पाच दिवस जातात, तोवर सील बसवायची घाई करू नका.

बुडाभोवती सिलिकॉन लावायचाच असेल तर तीन बाजूंना लावा आणि मागची दोन इंच जागा उघडी सोडा. पुढच्या वेळी गळलं तर पाणी तिथून दिसेल.

व्हॅनिटीमधला चिनी मातीचा कमोड

हा बसवताना गवंडी सवयीने व्हाइट सिमेंट भरतो. इमारतीत ते वर्षानुवर्षं टिकतं. गाडीचा चासी मुरडतो, सिमेंट मुरडत नाही, आणि वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरच्या दोन पावसाळ्यांत त्याचा भुगा होतो. मग कमोड हलतो, आउटलेटचा रबर कनेक्टर निसटतो आणि फ्लशबरोबर पाणी जमिनीखाली. सिमेंट पूर्ण काढा, कमोडखाली ५ ते ६ मिमीची रबर शीट घाला आणि चासीच्या आडव्या पट्टीपर्यंत जाणारे आरपार बोल्ट टाका, वर रबर वायसर आणि रुंद स्टील वायसर. आउटलेटला लवचीक कनेक्टर, दोन्ही टोकांना स्टेनलेस क्लॅम्प.

फ्लश टाकीतलं सात-आठ लिटर पाणी वळणावर ओव्हरफ्लोमधून आणि झाकणाखालून सांडतं. ड्रायव्हरला एक नियम घालून द्या: गाडी हलवण्याआधी कॉक बंद, फ्लश रिकामा. टाकी कमोडवर बसवलेली असेल तर मधलं जाड वायसर आणि दोन बोल्ट दर तीन महिन्यांनी बघा. भांड्यात पाणी सतत झिरपत असेल तर फ्लश टाकीत लाल रंग घाला. वीस मिनिटांत भांड्यात रंग उतरला तर फ्लशच्या व्हॉल्वचं रबर गेलंय, ते कोणत्याही सॅनिटरीच्या दुकानात मिळतं.

कॅसेट आणि पोर्टेबल

कॅसेटच्या खणात ओल असेल तर कॅसेट बाहेर काढून, धुवून, पाच लिटर रंगीत पाणी भरा आणि पाती बंद करून पेपरवर आडवी ठेवा. पातीकडून गळलं तर ओठाचं सील, व्हेंटच्या बटणाकडून गळलं तर तिथली ओ-रिंग, ओतायच्या तोंडातून गळलं तर टोपणाचं वायसर. काहीच गळलं नाही तर कॅसेट ठीक आहे, वरचं भांडं आणि कॅसेट एकमेकांवर नीट बसत नाहीत: खणातली मार्गदर्शक पट्टी वाकलीय किंवा मध्ये कचरा आहे.

बऱ्याच वेळा यात यंत्राचा दोष नसतोच. कॅसेट भरल्याचा लाल दिवा लागल्यावरही दोघे-तिघे वापरतात, कॅसेट गळ्यापर्यंत भरते आणि पहिल्या ब्रेकला वरून सांडते. किंवा पाती उघडी राहते आणि गाडी निघते.

घाटाचंही लक्षात ठेवा. मुंबई समुद्रसपाटीला, लोणावळा सुमारे ६२० मीटरवर, महाबळेश्वर १,३०० मीटरच्या वर. खाली घट्ट बंद केलेल्या पोर्टेबल टाकीतली हवा वर गेल्यावर बाहेरच्यापेक्षा जास्त दाबाची होते, आणि पाती झटक्यात उघडली की तोंडावर शिंतोडे. वर पोचल्यावर आधी झाकण लावा, मग पाती बोटभर हळूच सरकवून हवा जाऊ द्या.

टाकी आणि सोडायचा व्हॉल्व

गाडीखाली, बाहेरच्या बाजूला ठिबकत असेल तर तीन इंची सरकता व्हॉल्व बघा. टोपण उघडल्यावर कपभर पाणी आलं तर त्याची दोन सीलं झिजलीत. चार बोल्ट सोडले की व्हॉल्व मधून बाहेर येतो. दोन्ही बाजूंची सीलं बदला, एकच नाही. ती खाचेतून निसटू नयेत म्हणून ग्रीस लावून बसवा.

टाकीलाच चीर असेल तर आधी टाकी कशाची आहे ते ठरवा. एबीएस प्लॅस्टिकची टाकी त्याच्या सॉल्व्हंटने आणि एबीएसच्याच पट्टीने जोडता येते. पॉलिथिलीनला फक्त गरम वेल्डिंग चालतं. फॅब्रिकेटरने बनवलेली स्टेनलेसची असेल तर ती जवळजवळ नेहमी कोपऱ्याच्या वेल्डिंगला तडकते. टाकी उतरवून, आतून धुवून, झाकण उघडं ठेवून वारा लागू द्या आणि मगच वेल्डरकडे द्या, कारण मैल्याच्या वायूत मिथेन असतो. वेल्डिंग झाल्यावर टाकी बांधणाऱ्या पट्ट्यांखाली रबर घाला, नाहीतर तोच कोपरा पुन्हा जाईल.

काम झाल्यावर

रात्रभर भांडं अर्धं भरून रेघ तपासा, पंप ऐका, पावडर पुन्हा पसरा. मग गाडी तासभर खराब रस्त्यावर चालवा आणि परत आल्यावर बुडाचे नट एकदा आवळून बघा; नवं सील दबलं की ते पाव फेरा ढिले झालेले असतात. गाडीत एका डब्यात पातीचं सील, फ्लॅन्जचं सील, चार वायसरं, जेटचा एक सुटा पाइप आणि ग्रीसची डबी ठेवा, आणि डब्यावर टॉयलेटचा मॉडेल नंबर मार्करने लिहून ठेवा.